पाणीपट्टी अर्धी केली तेव्हा

लग्न होऊन मी या गावात आले त्याला आता पंचवीस वर्षं होतील. गाव मंगरूळपीर तालुक्यातलं, शेलूबाजारकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. घरात सासरे, नवरा, धाकटा दीर, जाऊ आणि मुलं. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना मामाजी म्हणते, गाव गुरुजी म्हणतं. नवऱ्याचं रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान. दिराची मंगरूळच्या बाजार समितीत अडत, म्हणजे शेतकऱ्यांची सोयाबीन नि तूर व्यापाऱ्यांना विकून द्यायचा धंदा.

मामाजी आणि दीर, बापलेक एका घरात राहत, पण पक्ष दोन. टीव्हीवर बजेट लागलं की दोघं समोरासमोर बसत आणि मी भाकरी थापता थापता ऐकत असे.

मामाजी म्हणायचे, “शाळा, दवाखाना, रस्ता. हे सरकारनं नाई करायचं त कोनं करायचं? तुह्या अडतवाल्यानं?”

“करा ना. पन आमच्याच खिशातून किती काढसान? टॅक्स कमी करा, मानसाच्या हाती पैसा राहू द्या. धंदा वाढते, मंग सरकारले आपोआपच भेटते.”

“अन् तोवर मास्तरचा पगार कोन देईन?”

“तोवर कर्ज काढते सरकार. तुमच्या टायमाले नव्हतं काढत?”

मग कर्जावर गाडी यायची. देशाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, जन्मलेल्या पोरामागे किती पडतं, हे दोघांनाही तोंडपाठ. दोघांचे आकडे मात्र कधी जुळले नाहीत. एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. ज्याचा पक्ष सत्तेत नसे, त्यालाच कर्जाची काळजी असे. सत्ता पालटली की काळजीही इकडची तिकडे जायची. मधल्या काळात दिल्लीत सरकार बदललं, मुंबईत दोनतीनदा बदललं, आणि दर वेळी त्यांनी एकमेकांची वाक्यं जशीच्या तशी उचलली. मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मी दोन्ही पक्षाले पाईप विकतो. मले नको सांगू.”

मलाही राजकारणात रस नव्हता. पण ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातली जागा महिलेसाठी राखीव निघाली. दीर एक दिवस दुपारीच घरी आला. एरवी तो बाजार समितीतून सात वाजल्याशिवाय यायचा नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाला, “वयनी, तुमी बी.ए. हाव. वॉर्डात बी.ए. झालेली दुसरी बाई नाई. उभ्या राहा.”

“तुमच्या पॅनलकून?”

“मंग कोनाकून? बाबाच्या पॅनलकून उभ्या राहसान का?”

मामाजी ओसरीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रात्री जेवताना ते म्हणाले, “फॉर्म भर, सूनबाई. बायांनी पंचायतीत गेलंच पायजे. पन मी तुले मत देनार नाई, हे आताच सांगून ठेवतो.”

त्यांनी दिलं नाही. मतदानाच्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच सांगितलं.

आमच्या पॅनलनं एकच मोठी गोष्ट कबूल केली होती: निवडून आलो तर पाणीपट्टी अर्धी. गावात नळयोजना होती. तलावाच्या काठच्या विहिरीतून मोटारीनं पाणी टाकीत चढायचं आणि टाकीतून गल्लीगल्लीत सोडलं जायचं. पण पाळी आठव्या दिवशी, कधी दहाव्या. त्यामुळे अर्ध्या पट्टीचं बोलणं लोकांना एकदम पटायचं. प्रचारात मी गाद्या भरणाऱ्या चाचांच्या दुकानी गेले. चाचा मामाजींच्या वयाचे. कापूस पिंजायचं यंत्र बंद करून त्यांनी कानातला बोळा काढला आणि म्हणाले, “बेटा, पानी महिन्यातून चार डाव येते. पट्टी पुऱ्या सालाची. अर्धी कायले, पाव घ्या. हिसाब साफ हाय.”

मला त्यांचं म्हणणं खरं वाटलं. दीर म्हणायचा तेही पटलं होतं. तो म्हणायचा, “वयनी, पट्टी जास्त म्हनून लोकं भरत नाई. कमी करा, समदे भरतीन. अर्ध्या पट्टीत पुरी वसुली होईन.” मी हेच सभांमधून बोलले. कोणी लिहून दिलेलं नव्हतं, मला मनापासून तसंच वाटत होतं.

मी निवडून आले. पॅनलचं बहुमत एका जागेचं. सरपंच आमचाच. पहिल्याच मासिक सभेत ठराव आला. ग्रामसेवक तरुण होते, दोन गावांचा कारभार होता त्यांच्याकडे. ते हळूच म्हणाले, “मॅडम, मोटारीच्या बिलाचं एकदा बघून घेऊ या का?” सरपंच हसले. “सायेब, लोकाईनं कशासाठी निवडून देल्लं?” सगळे हसले. मीही हसले आणि सही केली. माझी सही तेव्हा नवीन होती, मी ती नीट, पूर्ण नावानिशी केली.

ठराव झाल्याच्या आठवड्यात मामाजी पट्टी भरायला पंचायतीत गेले. ते दर वर्षी एकरकमी भरत. कारकुनानं अर्ध्या रकमेची पावती फाडली. मामाजींनी पूर्ण रक्कम टेबलावर ठेवली.

“गुरुजी, मागनी अर्धीच हाय.”

“मले माहीत हाय. मी पुरी भरून राह्यलो.”

“पावती नाई ना फाटत जास्तीची.”

“मंग देनगी म्हनून घे.”

“देनगीचं पुस्तक वेगळं हाय. अन् ते संपलं.”

अर्धा तास हे चाललं. शेवटी मामाजी उरलेले पैसे खिशात घालून घरी आले आणि मला म्हणाले, “तुह्या सरकारले पैसे घेताही येत नाई.” दिरानं ही गोष्ट बाजार समितीत सांगितली, तिथून ती सगळ्या गावात झाली. आठवडाभर लोक मामाजींना विचारायचे, “गुरुजी, देनगी द्यायची हाय म्हनते?”

पहिल्या वर्षी दिराचं म्हणणं बरोबर ठरतंय असं वाटलं. ज्यांनी कधी पट्टी भरली नव्हती ते लोक येऊन भरत होते. पंचायतीच्या ओट्यावर मी स्वतः रांग पाहिली आहे. दीर मामाजींना म्हणाला, “पाहा बाबा. हेच दिल्लीत होते.” मामाजी पेपर वाचत राहिले.

दुसऱ्या वर्षी रांग दिसली नाही. ज्यांना भरायची सवय होती ते भरून गेले, बाकीचे म्हणू लागले की पुढच्या निवडणुकीला पूर्णच माफ होणार आहे, मग आता कशाला? ही अफवा कुठून उठली मला माहीत नाही. पण आमच्या पॅनलमधल्या कोणी ती खोटी आहे असं म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

मार्चमध्ये वीज कापली गेली. मला ते शेजारणीकडून कळलं. मी गच्चीवर कुरड्या घालत होते. खालून ती ओरडली, “मेंबरबाई, लाइनमन विहिरीवर गेल्ते. मोटारीची लाइन कापली म्हनते.” मी हात धुवून तशीच पंचायतीत गेले. ग्रामसेवक होते. त्यांनी एक फाइल पुढे केली. बिलाची थकबाकी, नोटिसा, आणखी नोटिसा. शेवटची नोटीस सरपंचांच्या हाती दिल्याची पोचही होती. आम्हा सदस्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं.

पुढचे दिवस मला विसरता येत नाहीत. उन्हाळा लागलेला. गावात तीन हातपंप, त्यातला एक बंद. ज्यांच्या घरी बोअर होता त्यांना काही झळ नव्हती. आणि आमच्या घरी बोअर होता. पाणीपट्टी कमी करायला ज्यांनी ज्यांनी हात वर केला होता, त्यातल्या बहुतेकांच्या घरी बोअर होता. हे मला ठराव करताना सुचलंच नव्हतं.

मी अंगणातून नळी बाहेर काढली आणि गल्लीतल्या बायांना सांगितलं, सकाळ-संध्याकाळ पाणी भरून न्या. जावेला ते आवडलं नाही. आपली मोटार जळेल म्हणाली. पण ती अडवायला आली नाही. पहिल्याच सकाळी गल्लीच्या टोकाच्या एका बाईनं, जी दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जायची, आपला गुंड, म्हणजे पाण्याची घागर, भरता भरता मला म्हटलं, “तुह्या घरी बोअर हाय व बाई. पट्टी अर्धी करा नाई त पुरी करा, तुले काय फरक पडते? माह्यी आज मजुरी बुडाली.”

ती चिडून बोलली नव्हती. एखादी बाई भाव सांगते तसं तिनं सांगितलं. मी तिला गुंड उचलून दिला.

त्या दिवशी मी पुन्हा पंचायतीत जाऊन सगळे जुने ठराव मागितले. ग्रामसेवकांनी कपाट उघडून दिलं. दुपारभर बसले. थकबाकी आमच्यापासून सुरू झाली नव्हती. आमच्या आधीच्या पाच वर्षांत, म्हणजे मामाजींच्या पॅनलच्या काळात, गावाच्या तोंडाशी कमान बांधली होती. तिच्यावर सिंह आहेत, एक जरा लहान झाला आहे. कमानीचे पैसे कमी पडले तेव्हा एक ठराव झाला होता: पाणीपुरवठ्याच्या खात्यातली रक्कम तात्पुरती कमानीच्या कामाकडे वर्ग करावी, वीजबिल शासनाकडून माफ होण्याची शक्यता आहे. खाली पाणीपुरवठा समितीच्या सह्या. पहिली सही मामाजींची, ते तेव्हा समितीत होते. शाळेच्या दाखल्यांवर असते तशी, रेष न चुकलेली.

ते माझ्या हातात होतं आणि काही वेळ मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. मग दुसऱ्या रजिस्टरमध्ये मी आमचा ठराव काढला. त्यावर माझी सही होती.

मी दोन्हींची झेरॉक्स घेतली. संध्याकाळी दिरानं ती पाहिली आणि त्याचे डोळे चमकले.

“वयनी, हे तर सोनं हाय! उद्या ग्रुपवर टाकतो. तेच म्हनून राह्यले ना, तुमी पट्टी कमी केली म्हनून लाइन कटली? घ्या म्हना. कमान खाल्ली कोनं?”

“खाली सही पाहा.”

त्यानं पाहिली. मग म्हणाला, “बाबाचं नाव झाकून टाकतो. बाकीचे दिसू द्या.”

“नाव झाकायचं त समदेच झाका. अन् मंग टाकायचं कायले?”

“तुमाले राजकारन नाई समजत वयनी.”

“अन् आपला ठराव? तोही टाकता का?”

“त्याच्यात काय हाय? लोकाईचा फायदा केला आपन.”

मी ते कागद त्याला दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजी ओसरीवर पेपर वाचत होते. घरात बाकी कोणी नव्हतं. मी पहिला कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा सारखा केला, वाचला, पुन्हा वाचला. शिक्षक माणूस, शुद्धलेखनाच्या चुका शोधतायत की काय असं वाटावं इतका वेळ लावला.

“सही माह्यीच हाय,” ते म्हणाले.

“काहून केली, मामाजी?”

“कमान अर्धी राह्यली होती. सळाखी वर निंगाल्या होत्या. येनारे-जानारे हसत होते. अन् बिलाचं त समदेच म्हनत होते, निवडनुकीच्या आधी माफ होते. आजूबाजूच्या गावाईनंही भरलं नव्हतं.” ते थांबले. “आमाले वाटलं, सरकार भरन.”

“सरकार म्हंजे कोन?”

हा प्रश्न मी टोचायला विचारला नव्हता, पण तो तसाच लागला असावा. मग त्यांनी विचारलं, “अन् तू? तू काहून केली सही?”

“मले वाटलं, पट्टी कमी झाली की समदे भरतीन.”

“भरली?”

“पयल्या वर्षी.”

“हं.”

मी म्हटलं, “सोमवारी ग्रामसभा हाय. मी दोन्ही ठराव वाचनार हाय. सह्यासकट.”

त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला परत दिला. “वाच. पन माह्याकून मान हालवायची अपेक्षा ठेवू नको.”

नवऱ्याला मी सांगितलं. तो बराच वेळ पाईपाच्या तुकड्यावर करवत चालवत राहिला. मग म्हणाला, “दुकानावर दोन्हीकडचे येनं बंद होतीन. वाच.”

ग्रामसभा शाळेच्या मैदानात झाली. एरवी ग्रामसभेला वीस माणसं आली तरी खूप. त्या दिवशी मैदान भरलं होतं आणि निम्म्या बाया होत्या. काहींनी रिकामे गुंड आणले होते आणि ते समोर मांडून ठेवले होते. सुरुवातीलाच दोन्ही पॅनलची माणसं उठली. कोणी म्हणालं, तुमच्या पक्षानं देश कर्जात बुडवला. दुसरा म्हणाला, तुमच्या पक्षानं फुकटं वाटून वाटून खजिना रिकामा केला. एकानं बायकांच्या खात्यात येणाऱ्या पैशांचं काढलं, दुसऱ्यानं मोठ्या कारखानदारांच्या माफ झालेल्या कर्जाचं. दिल्ली झाली, मुंबई झाली. अर्धा तास गेला आणि आमच्या विहिरीचं नाव कोणी घेतलं नव्हतं. शेवटी मागच्या बायांनी गुंडांवर भांडी वाजवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे माणसं खाली बसली.

मी उभी राहिले. भाषण असं मी केलंच नाही. आधी कमानीचा ठराव वाचला, तारखेसह, सह्यांसह. मामाजींचं नाव पहिलं होतं, ते पहिलंच वाचलं. पुढच्या रांगेत ते चाचांच्या शेजारी बसले होते. आमच्या पॅनलच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी आमचा ठराव वाचला आणि सह्या वाचताना माझं नाव वाचलं. आता दुसऱ्या बाजूनं टाळ्या वाजल्या. सरपंच उठून म्हणाले, “मॅडम, हे आजच्या विषयपत्रिकेत नाई.” मी म्हटलं, “पानीपुरवठा हाय ना? मंग हेच हाय.”

मग मी म्हटलं की आधीच्यांनी खर्च केला आणि बिल पुढच्यांवर ठेवलं, आम्ही वसुली कमी केली आणि बिल तसंच ठेवलं. पट्टी पूर्ववत करावी असा माझा प्रस्ताव आहे. माझीच चूक मी मागे घेते आहे.

एवढ्यात मामाजी उठले. मला वाटलं ते बोलणार. पण ते धोतराचा सोगा सावरून फाटकाकडे चालू लागले आणि निघून गेले. सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं. मला त्यांच्यामागे जावंसं वाटलं, पण मी जागची हलले नाही.

मग चाचा उभे राहिले. “बेटा, कमान कोनं बांधली, पट्टी कोनं काटली, जाऊ द्या. मले एकच सांगा. पुरी पट्टी देल्ली, त पानी कितव्या दिवशी येईन?”

एवढे दिवस कागद वाचले आणि हा प्रश्न मी कोणाला विचारलाच नव्हता. मी पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडे पाहिलं. तो कडेला भिंतीला टेकून उभा होता. आजवर ग्रामसभेत त्याला कोणी बोलायला लावलं नसावं. तो म्हणाला, “मोटार चालू राह्यली, अन् मारोतीच्या देवळापाशी पाईप फुटेल हाय तो बदलला, त चौथ्या दिवशी. निम्मं पानी तिथंच जाते.”

“किती दिवसापासून फुटेल हाय?”

“कमान बांधाच्या आधीपासून.”

लोक हसले. चाचा हसले नाहीत. म्हणाले, “चौथा दिवस. लिहून द्या. चौथ्या दिवशी आलं त पुरी पट्टी. नाई आलं त अर्धी.”

ग्रामसेवक म्हणाले, असा अटीचा ठराव बसत नाही. मागून आवाज आला, “बसवा!” त्यांनी कपाळ पुसलं आणि दोन वेगवेगळे ठराव लिहिले: एक पट्टीचा, एक चौथ्या दिवशी पाणी देण्याचा. हात वर झाले. बायांचेच इतके होते की मोजायची गरज पडली नाही, दोन्ही ठराव मंजूर झाले. पण आमच्या पॅनलचे बहुतेक हात खाली होते आणि जुन्या पॅनलचेही निम्मे.

त्यानंतर मी आणि आणखी दोन सदस्य बाया पट्टी मागायला घरोघर फिरलो. हे काम कारकुनाचं, पण त्याच्या मागे आम्ही गेलो. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी दार लागलं. एकानं म्हटलं, “निवडून येताना अर्धी, आता पुरी. पुढच्या डावाले दुप्पट?” निंदणाला जाणाऱ्या त्या बाईनं मात्र निम्मी रक्कम तिथंच काढून दिली, निम्मी पेरणीची मजुरी आल्यावर देते म्हणाली, आणि दिली.

वीज कार्यालयानं थकबाकीचे हप्ते पाडून दिले. पहिला हप्ता भरल्यावर लाइन जोडली गेली. देवळापाशी पाईप बदलला. तो पाईप आमच्याच दुकानातून घ्यावा असं ग्रामसेवक म्हणाले, कारण जवळ होतं. नवऱ्यानं दिला नाही, शेलूबाजारहून आणायला लावला. “उद्या म्हनतीन, सुनेनं पट्टी वाढवली अन् नवऱ्यानं पाईप विकला.”

पाणी पाचव्या दिवशी येऊ लागलं. चौथ्या नाही, पाचव्या. चाचा पट्टी भरायला आले आणि शंभर रुपये कमी दिले. कारकून म्हणाला, “चाचा, शंभर?” चाचा म्हणाले, “एक दिवसाचे काटले. चौथ्या दिवशी आलं की देईन.” ते शंभर रुपये पुढच्या वर्षीच्या बिलात त्यांच्या नावावर मागील बाकी म्हणून आले, आणि ते कौतुकानं ते बिल दाखवत.

मामाजी सतरा-अठरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काही हवं असलं तर नवऱ्याला सांगायचे, तो मला सांगायचा. चहाच्या टपरीवर जाणं त्यांनी बंद केलं होतं. एका सकाळी मी अंगण झाडत होते आणि ते थेट मलाच म्हणाले, “सूनबाई, चहात साखर कमी टाकत जा. डॉक्टरनं सांगतलं.” मी हो म्हटलं. डॉक्टरांनी ते दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. त्या ठरावाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्यांना चुकलं असं वाटलं का, ते मला माहीत नाही. मला मात्र अजूनही वाटतं की मी घरी आधी सांगितलं ते बरं केलं. नुसतं सभेत वाचलं असतं तर या घरात राहणं जड गेलं असतं.

दिराशी असं झालं नाही. तो बोलणं बंद करणाऱ्यातला नाही, उलट जास्त बोलतो. पण ग्रामसभेच्या रात्री तो जे म्हणाला ते टिकून राहिलं. “वयनी, मी तुमाले निवडून आनलं. तुमी माह्याच मानसाईसमोर मले खाली पाह्यला लावलं.” पुढे पाणी सुरू झाल्यावर मी म्हटलं, पट्टीनं पाणी आलं ना? तो म्हणाला, “पानी कसंही आलं असतं. कोनतंही सरकार असं गावाले तहानेलं ठेवत नाई. आमदारानं फोन केला असता त एका दिवसात लाइन जुडली असती.” मला त्या वेळी मामाजींचं ‘आमाले वाटलं, सरकार भरन’ आठवलं. पुढच्या दिवाळीला त्यानं मंगरूळला घर भाड्यानं घेतलं. धंद्यासाठी म्हणाला. जाऊ जाताना रडली, मीही.

पुढच्या निवडणुकीत मला कोणत्याच पॅनलनं विचारलं नाही. मी अपक्ष उभी राहिले. नवऱ्यानं पत्रकं छापून आणली. त्यावर काय लिहायचं हे ठरवताना आम्ही दोघं दोन संध्याकाळी बसलो आणि शेवटी फक्त नाव आणि चिन्ह छापलं. बारा मतांनी पडले. मामाजींनी मतदान करून आल्यावर या वेळी काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

जिंकली ती जुन्या पॅनलची एक तरुण बाई, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिच्या पत्रकावर घरपट्टीत सवलत आणि बाजार ओट्यांचं बांधकाम, दोन्ही होतं. निकालानंतर महिन्याभरानं ती माझ्याकडे आली. स्कूटी अंगणात लावली, आत येऊन बसली आणि बराच वेळ मुलांच्या शाळेबद्दल बोलत राहिली. मग म्हणाली, “ताई, ग्रामसेवक बदलून गेले. नवीन सायेबाले फायली सापडून नाई राह्यल्या. मोटारीच्या बिलाचे किती हप्ते राह्यले, तुमाले माहीत असन ना?”

मला माहीत होतं. मी माझी वही काढली आणि तिला पानं दाखवली: हप्ते, तारखा, कोणत्या महिन्यात वसुली कमी होते आणि बिल कधी वाढतं. तिनं मोबाईलवर फोटो काढले. एका पानावर ती थांबली.

“मंग घरपट्टी कमी केली त हे कुठून भरायचे?”

“मीही तेच विचारत बसले होते. पन उशिरा.”

“आता लोकाले काय सांगू?”

“हेच पान दाखव. मतं जातीन थोडी.”

तिनं त्या पानाचा आणखी एक फोटो काढला, आधीचा हललेला आला होता. मग चहा घेतला आणि साडेपाचची मासिक सभा आहे म्हणून गेली.